लुफी विरुद्ध काइदो : नायक देव ठरल्यावर त्याला अंडरडॉग म्हणावे का?

एइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची, मालिका जपानच्या ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात २२ जुलै १९९७ पासून प्रसिद्ध होत आहे. मार्च २०२२ मध्ये तिची १०४२, १०४३ आणि १०४४ ही तीन प्रकरणे लागोपाठ आली, आणि त्यांवरून चाहत्यांमध्ये जो वाद उभा राहिला तो आजही शमलेला नाही. मंकी डी. लुफी हा समुद्री चाचेगिरी करणारा, रबराच्या शरीराचा मुलगा ‘जगातील सर्वांत बलाढ्य प्राणी’ म्हणवल्या जाणाऱ्या काइदो या ड्रॅगनशी लढत असतो, हरतो, मेल्यासारखा पडतो. आणि मग तो उठतो तेव्हा कळते की, लहानपणी त्याने खाल्लेले फळ रबराचे नव्हतेच. ते निका नावाच्या सूर्यदेवाचे फळ होते. पंचवीस वर्षे ज्याला आपण दुबळ्या शक्तीच्या बळावर झगडणारा पोरगा समजत होतो, तो दैवी शक्तीचा वारस निघाल्यावर या लढतीला अंडरडॉगची लढत म्हणता येईल का, हा वादाचा गाभा आहे.

हे प्रकरण अभ्यासासाठी निवडण्याचे कारण असे की, दोन्ही बाजूंचे चाहते एकाच वेळी बरोबर आणि चूक आहेत. बहुतेकांनी दोन वेगळे प्रश्न एकत्र केले आहेत. लुफीची शक्ती कुठून आली हा एक प्रश्न, आणि ती त्याला मिळते त्या क्षणी लेखकाने हिशेब नीट ठेवला का हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर तक्रार करणाऱ्यांची बाजू मला लंगडी वाटते. दुसऱ्यावर मात्र त्यांचे म्हणणे सहज खोडून काढता येत नाही.

लढतीपूर्वीची परिस्थिती

ही लढत वानो देशात होते. एदोकालीन जपानच्या धर्तीवर रेखाटलेला, बाहेरच्यांना बंद असलेला हा देश. तेथे वीस वर्षांपासून काइदो आणि त्याच्या पाठिंब्याने शोगुन बनलेला कुरोझुमी ओरोची यांचे राज्य आहे. कारखान्यांनी नद्यांचे पाणी नासवले आहे, गावे उपाशी आहेत, आणि मूळ राजघराण्याचा वारस कोझुकी ओदेन याला उकळत्या तेलाच्या कढईत जाहीररीत्या मृत्युदंड देण्यात आलेला आहे. लुफी या देशात पाऊल ठेवतो तेव्हा त्याला प्रथम भेटते ती तामा नावाची चिमुरडी. घरात जेवढा भात होता तो ती पाहुण्याला वाढते आणि स्वतः नदीचे दूषित पाणी पिऊन आजारी पडते. चार वर्षे चाललेल्या या कथाभागाच्या अखेरच्या ठोशापर्यंत हा प्रसंग वाचकाला लक्षात ठेवावा लागतो, आणि वादात नेमका तोच विसरला जातो.

काइदोची ओळख मालिकेने आकड्यांनी करून दिली होती. तो सात वेळा हरला, अठरा वेळा पकडला गेला, त्याला चाळीस वेळा मृत्युदंड फर्मावला गेला. पण फासाचे साखळदंड तुटले, गिलोटिनची पाती फुटली, भाले मोडले. त्याने नऊ अवाढव्य तुरुंगजहाजे बुडवली. त्याचा छंद म्हणजे आत्महत्या; पहिल्याच दर्शनात तो आकाशातल्या बेटावरून दहा हजार मीटर खाली उडी घेतो आणि डोके दुखते अशी कुरकुर करत उठून बसतो. हा नुसता ताकदवान खलनायक नव्हे. मरण्याची सोय उरलेली नाही असा हा माणूस आहे.

त्याच्या टोळीची रचनाही या वादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. या जगात ‘सैतानी फळे’ खाऊन शक्ती मिळते आणि त्यांतल्या ‘झोअन’ प्रकाराने माणूस प्राण्यात बदलतो. झोअनमधला सर्वांत दुर्मीळ उपप्रकार पौराणिक प्राण्यांचा. काइदोचे फळ निळ्या ड्रॅगनचे, ओरोचीचे आठ तोंडांच्या सर्पाचे, तर काइदोविरुद्ध, म्हणजे आपल्याच बापाविरुद्ध, उभ्या राहिलेल्या यामातोचे दैवी लांडग्याचे. काइदोला आपली सगळी फौजच झोअनधारकांची करायची आहे आणि त्यासाठी तो ‘स्माइल’ नावाची कृत्रिम फळे बनवून घेतो. ही फळे दहातल्या एकालाच प्राण्याची शक्ती देतात. उरलेल्या नऊजणांना शक्ती तर मिळत नाहीच, उलट दुःख किंवा राग चेहऱ्यावर आणण्याची क्षमता जाते. ते फक्त हसू शकतात. एबिसु या दरिद्री वस्तीतल्या लोकांना हीच उष्टी फळे नकळत खाऊ घातली गेली. वस्तीतल्या यासुइए या सरदाराला देहदंड दिला जातो तेव्हा त्याची लहान मुलगी तोको बापाच्या प्रेताजवळ खदखदून हसते, कारण तिला रडता येत नाही. संपूर्ण मालिकेत अंगावर काटा आणणारी जी मोजकी पाने आहेत त्यांत मी या पानाची गणना करतो.

पराभवांचा क्रम

लुफीची काइदोशी पहिली गाठ २०१८ मध्ये, ९२२ आणि ९२३ या प्रकरणांत पडते. दारूच्या नशेतला ड्रॅगन आकाशातून खाली येतो आणि आपल्या मुखातील ज्वाळेने ओदेनच्या किल्ल्याचे अवशेष उडवतो. तेथे आपले सोबती आहेत असे समजून पेटलेला लुफी त्याच्यावर ठोशांचा वर्षाव करतो. काइदो माणसाच्या रूपात येतो, काटेरी लोखंडी सोटा एकदाच फिरवतो, आणि लुफी बेशुद्ध. एका फटक्यात निकाल.

या पराभवाची शिकवण कथेने दिली. उदोन येथील खाणीच्या तुरुंगात लुफी ह्योगोरो या म्हाताऱ्याकडून ‘र्‍युओ’ शिकतो, म्हणजे इच्छाशक्तीचा ओघ शत्रूच्या कातडीच्या आत पोचवण्याची कला. (चाहते या इच्छाशक्तीला तिच्या मूळ नावाने ‘हाकी’ म्हणतात.) पुढे ओनिगाशिमा या काइदोच्या बेटावर चढाई होते. सामुराई आणि त्यांचे मित्र मिळून सुमारे ५,४०० आणि काइदोकडे ३०,००० असे सुरुवातीचे बलाबल आहे. गच्चीवर लुफी, त्याचा सोबती झोरो आणि जोडीला आलेले लॉ, किड व किलर हे चाचे असे पाचजण काइदो आणि बिग मॉम या दोन चाच्यासम्राटांसमोर उभे राहतात. १०१० व्या प्रकरणात लुफीला उमगते की, वरच्या दर्जाचे योद्धे आपली ‘राजाची हाकी’ नुसती पसरवत नाहीत, ती प्रहारावर चढवतात. तो ते करून दाखवतो, आणि तरीही हरून समुद्रात फेकला जातो. लॉचे सोबती त्याला पाण्यातून काढतात. तो परततो तोपर्यंत काइदोला एकट्याने थोपवून धरण्याचे काम यामातो करते.

येथवर एकाही चाहत्याची तक्रार नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते. मालिकेचा हा जुनाच शिरस्ता आहे. अलाबास्ता येथे वाळूचा माणूस क्रोकोडाइल याच्याशी लुफी तीनदा लढला होता. पहिल्या पराभवाने त्याला कळले की वाळूवर ठोसा लागत नाही. दुसऱ्या वेळी तो पाण्याचे पिंप पाठीवर बांधून आला आणि तरी हरला. तिसऱ्या वेळी पाणी संपल्यावर स्वतःच्या रक्ताने मुठी ओल्या करून त्याने सामना जिंकला. स्कायपिया येथे स्वतःला देव म्हणवणारा विजेचा माणूस एनेल हरला तो रबरातून वीज वाहत नाही एवढ्या साध्या कारणाने. लुफी हा अंडरडॉग म्हणून वाचकांच्या मनात बसला तो या पद्धतीमुळे. तो हरतो, हरण्यातून एक गोष्ट शिकतो, आणि पुढच्या वेळी ती गोष्ट वापरतो.

१०४२ : तिसऱ्याचा हात

मग येतो तो वादग्रस्त क्षण. जागतिक सरकारच्या शिखरावरील पाच वृद्ध १०३७ व्या प्रकरणातच आपसांत कुजबुजतात की, एका सैतानी फळाला इतिहासातून पुसण्यासाठी सरकारने त्याला वेगळे नाव दिले होते. ते आपल्या सीपी-झिरो या गुप्तहेर दलाला लुफीला संपवण्याचा हुकूम देतात. लढत ऐन रंगात असताना एक हेर लुफीला एका क्षणासाठी जखडून ठेवतो आणि त्याच क्षणी काइदोचा सोटा लुफीच्या डोक्यावर बसतो. लुफी खाली पडतो. आखाड्यात डाव रंगला असताना कडेच्या गर्दीतून कुणी एका पैलवानाचा पाय धरावा, तसा हा प्रकार आहे.

या पानावर काइदोचा चेहरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. सोटा आवरता येणार नाही इतका पुढे गेलेला आहे, आणि त्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद नाही. याचे कारण ९७० व्या प्रकरणात आहे. वीस वर्षांपूर्वी ओदेनने काइदोला जवळजवळ हरवले होते. अंगावर आजही दिसणारा तो व्रण त्याच वेळचा. पण रूप बदलण्याची शक्ती असलेल्या एका म्हातारीने ओदेनच्या मुलाचे रूप घेऊन त्याचे लक्ष विचलित केले आणि काइदोने मागून प्रहार केला. ती म्हातारी काइदोच्याच बाजूची होती, तरी पुढे त्याने तिला ठार केले. म्हणजे या माणसाच्या आयुष्यातील दोन सर्वांत मोठे विजय परक्याच्या लबाडीने नासले आहेत. १०४३ मध्ये तो त्या हेराचाही समाचार घेतो. सीपी-झिरोचा हस्तक्षेप म्हणजे लेखकाने ऐन वेळी काढलेली पळवाट, असे म्हणणाऱ्या चाहत्यांनी ९७० वे प्रकरण पुन्हा वाचावे. काइदोच्या बाजूने पाहिले तर हा प्रसंग पक्का बांधलेला आहे.

लुफीच्या बाजूने पाहिले तर मात्र नाही, आणि त्याकडे पुढे येतोच.

१०४३ आणि १०४४ : ढोलाचा ठेका

मोमोनोसुके या ओदेनच्या मुलाला लुफीचा ‘आवाज’ ऐकू येईनासा होतो. काइदो खाली उतरून शत्रूंना सांगतो की, तुमचा सेनापती मेला. आणि तेवढ्यात गच्चीवर पडलेल्या देहातून ढोलाचा ठेका सुरू होतो. समुद्रात उभा असलेला हजार वर्षांचा हत्ती झुनेशा म्हणतो की, हा मुक्तीचा ढोल आहे, जॉय बॉय परत आला आहे. (जॉय बॉय हे त्या जगाच्या हरवलेल्या इतिहासातले एक गूढ पात्र.) लुफीचे शरीर वितळू लागते आणि त्याच्या ओठांवर हसू आहे. येथे प्रकरण संपले, आणि पुढचे यायला दोन आठवडे लागले.

या दोन आठवड्यांना कमी लेखू नये. भारतातले अनेक वाचक २०१९ पासून ‘मांगा प्लस’ या प्रकाशकांच्याच मोफत सेवेवर नवे प्रकरण जपानबरोबरच इंग्रजीतून वाचतात. त्यामुळे सांगलीचा वाचक आणि ओसाकाचा वाचक एकाच वेळी त्या शेवटच्या चौकटीवर अडकले होते. साप्ताहिक वाचनात मधली पोकळी वाचक स्वतःच्या तर्काने भरतो आणि पुढचे प्रकरण आल्यावर ते कथेशी कमी आणि आपल्या तर्काशी जास्त ताडून पाहतो. आज जो नवा वाचक ही प्रकरणे सलग वाचतो, त्याला हा वाद एवढा का पेटला ते बहुधा कळत नाही.

१०४४ मध्ये पाच वृद्धांच्या तोंडून खुलासा होतो. ‘गोमु गोमु’ म्हणजे रबराचे फळ हे सरकारने दिलेले नाव आहे; खरे फळ ‘हितो हितो’, म्हणजे माणसाचे, प्रकार निका. ते पौराणिक झोअन आहे. झोअन फळांना स्वतःची इच्छा असते आणि हे फळ आठशे वर्षे सरकारच्या हातून निसटत आले आहे. त्याचे शरीर रबराचे आणि त्याच्या शक्तीला कल्पनेखेरीज मर्यादा नाही. पांढऱ्या केसांचा, खदखदून हसणारा लुफी ड्रॅगनला धरून गरगरा फिरवतो, पायाखालची जमीन रबरासारखी उसळवून ड्रॅगनची ज्वाळा परत पाठवतो. त्याचे डोळे खोबणीतून जुन्या व्यंगपटातल्यासारखे बाहेर येतात. याच अवस्थेचे नाव गिअर फाइव्ह; लुफी आपल्या शक्तीच्या चढत्या टप्प्यांना ‘गिअर’ म्हणतो.

आक्षेप आणि त्यांचे वजन

पहिला आक्षेप तांत्रिक आहे. पॉवर स्केलिंगमध्ये, म्हणजे पात्रांच्या ताकदीची तुलना करण्यात, रमणारे चाहते म्हणतात की, झोअन फळ खाणारा माणूस प्राणी, माणूस आणि दोहोंचे मिश्र रूप अशा तीन अवस्थांत बदलतो. लुफी तर आठवणीत आहे तेव्हापासून सदासर्वकाळ रबराचाच आहे. शिवाय भोवतालची वस्तू आपल्या शक्तीने बदलणे हे ‘पॅरामिसिया’ या दुसऱ्या प्रकारच्या फळांच्या जागृतीचे, म्हणजे शक्तीच्या वरच्या टप्प्याचे, लक्षण म्हणून ड्रेसरोझाच्या कथाभागात दाखवले होते. हे निरीक्षण अचूक आहे. पण फळांचे वर्गीकरण हे त्या जगात सरकार आणि शास्त्रज्ञ यांनी केलेले आहे, आणि सरकारने खोटे नाव दिले होते हाच तर खुलासा आहे. या आक्षेपावर पानेच्या पाने लिहिली गेली, पण त्यातून लढतीबद्दल फारसे काही कळत नाही.

दुसरा आक्षेप भावनिक आहे आणि तो जास्त खोल जातो. लुफीचे फळ हास्यास्पद होते, त्याने ते स्वतःच्या कल्पकतेने धारदार केले, आणि आता कळते की ते मुळातच देवाचे होते. मग त्याच्या कष्टांची किंमत काय उरली? या चाहत्यांना नायक ‘निवडलेला’ नको आहे. त्यांना तो आपल्यातलाच हवा आहे.

या आक्षेपाला मराठी वाचकाकडे एक उत्तर आहे, आणि ते ओदांनी स्वतःच हातात दिले आहे. काइदोला पाडणाऱ्या अखेरच्या प्रहाराचे नाव आहे ‘बजरंग गन’, आणि मूळ जपानी लिपीत ते वानरदेव या अर्थाच्या अक्षरांनी लिहिलेले आहे. समर्थांच्या अकरा मारुतींच्या मुलखात वाढलेल्या वाचकाला या मारुतीची गोष्ट नव्याने सांगायला नको. मारुती वायुपुत्र आहे, जन्मानेच बलवान आहे; बालपणी तो सूर्याला फळ समजून झेपावला आणि इंद्राच्या वज्राचा प्रहार त्याने हनुवटीवर झेलला. पुढे ऋषींच्या शापाने त्याला स्वतःच्या बळाचा विसर पडला, आणि समुद्रकाठी हताश बसलेल्या वानरांमध्ये जांबवंताने आठवण करून देईपर्यंत तो गप्प बसून राहिला. तेथे मुलाने सूर्याला फळ समजले, येथे मुलाने सूर्य दडलेले फळ खाल्ले. मारुती जन्माने देवाचा अंश आहे म्हणून त्याच्या उड्डाणाची थोरवी आपल्याकडे कुणी कमी लेखत नाही, कारण कथा त्याच्या बळाची चौकशी करत नाही. ते बळ कुणाच्या कामी आले, एवढेच विचारते. बलाचा उगम दैवी असणे आणि नायकाचे स्थान सेवकाचे, धाकट्याचे असणे यांत आपल्या परंपरेला विसंगती दिसलेली नाही. ओदांनी हे सगळे मनात धरून लिहिले असे मी म्हणणार नाही. नाव मात्र त्यांनी विचारपूर्वकच निवडले आहे.

शिवाय कथेतच याचा प्रतिवाद आहे, आणि तो चक्क काइदोच्या तोंडी आहे. १०४७ व्या प्रकरणात तो लुफीला बजावतो की, फळाच्या शक्तीवर जग जिंकता येत नाही. चाच्यांचा राजा रॉजर याच्याकडे कोणतेही फळ नव्हते, सर्वांवर मात करते ती केवळ हाकी. देव झालेल्या लुफीचा ठोसाही काइदोवर परिणाम करतो तो तुरुंगात आणि गच्चीवर कमावलेल्या हाकीमुळे. निकाच्या फळाने लुफीला अंग दिले, पण मूठ त्याचीच आहे.

काइदोच्या पूर्वायुष्याकडे या आक्षेपकांनी दुर्लक्ष केले, हेही नोंदवले पाहिजे. १०४९ मध्ये आपण त्याला दहा वर्षांचा बालसैनिक म्हणून पाहतो. वोडका नावाच्या राज्यासाठी तो लढतो, आणि त्याच राज्याचा राजा त्याला नौदलाच्या हवाली करतो. त्याचे फळही वर्गवारीने माशाचे आहे, कारण धबधबा चढून जाणारा कार्प मासा ड्रॅगन होतो अशी पूर्वेकडील जुनी आख्यायिका आहे. म्हणजे ज्याला सगळे जन्मजात ड्रॅगन समजतात, तो खालून वर चढलेला मासा आहे; आणि ज्याला खालून वर चढणारा पोरगा समजतात, त्याच्या पोटात देव आहे. ही अदलाबदल लक्षात घेतली की, दुबळा कोण या प्रश्नाचे सोपे उत्तर उरत नाही.

जेथे टीकाकार बरोबर आहेत

एवढे मान्य करूनही १०४२ ते १०४४ या तीन प्रकरणांतील बांधणीचा दोष झाकता येत नाही. क्रोकोडाइलकडून झालेल्या दोन्ही पराभवांनी आणि काइदोकडून झालेल्या पहिल्या दोन पराभवांनी लुफीला काहीतरी शिकवले. तिसरा पराभव त्याला काहीच शिकवत नाही. तो पडतो, हृदयाचा ठेका बदलतो, आणि तो नव्या रूपात उठतो. आपल्याला काय झाले हे त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. खुलासा वाचकाला मिळतो, तोही शेकडो मैल दूर बसलेल्या पाच म्हाताऱ्यांकडून. पेरणी झालीच नव्हती असे नाही. १०१७ आणि १०१८ या प्रकरणांत हूज-हू हा काइदोचा सरदार सांगतो की, आपल्या पहाऱ्यातून चोरीला गेलेल्या रबराच्या फळापायी आपल्याला शिक्षा झाली, आणि तुरुंगात पहारेकऱ्याच्या तोंडून ऐकलेली, गुलामांचा तारणहार मानल्या गेलेल्या सूर्यदेव निकाची दंतकथाही तोच सांगतो. परंतु ही पेरणी वाचकासाठी होती. लुफीच्या शिकण्याच्या वाटेवर तिचा एकही कण पडलेला नाही. जांबवंत येथे आहे, फक्त तो मारुतीशी न बोलता श्रोत्यांशी बोलतो.

दुसरा दोष किमतीचा. गिअर सेकंड आयुष्य जाळते असे रॉब लुची या जुन्या शत्रूने एकेकाळी बजावले होते. गिअर फोर्थ संपले की दहा मिनिटे हाकी वापरता येत नाही आणि ड्रेसरोझात त्या दहा मिनिटांसाठी अख्ख्या शहराने लुफीला पाठीशी घातले. ती दहा मिनिटे त्या कथाभागातला सर्वांत सुंदर अंडरडॉग-प्रसंग आहे, असे माझे मत आहे. नायक निपचित आणि उरलेले सगळे त्याच्यासाठी धावत आहेत. गिअर फाइव्हची किंमत १०४५ मध्ये दाखवली आहे, पण ती उरकून टाकल्यासारखी. लुफी सुरकुतलेल्या म्हाताऱ्यासारखा कोसळतो, मग हृदयाला पुन्हा ठेका धरायला लावतो आणि काही चौकटींतच पूर्ववत होतो. ज्या किमतीची वसुली एवढी सोपी, तिचा धाक वाचकाला वाटत नाही. ‘प्लॉट आर्मर’ (कथेच्या सोयीसाठी नायकाला मिळणारे अभय) हा शब्द चाहते फार सैलपणे वापरतात. या एका जागी तो मला अयोग्य वाटत नाही.

हसण्याचा धागा

तरीही ही लढत मी फसलेली मानत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा तोको आहे. टीकाकारांना गिअर फाइव्हमधले हसणे खटकले. हजारो लोक मरत असताना नायक व्यंगपटासारखा खिदळतो, ड्रॅगनची दोरी करून उड्या मारतो, हे त्यांना गांभीर्याला सोडून वाटले. पण हा देशच हसण्याने छळलेला आहे. काइदो आणि ओरोची यांच्या राज्यात लोकांना खाऊ घातलेली फळे त्यांना हसण्यावाचून दुसरे काही करू देत नाहीत. खऱ्या फळांची शक्ती वर सरदारांना आणि तिचा उकिरडा खाली उपाशी वस्तीला, अशी त्या राज्याची वाटणी आहे. अशा देशाच्या आकाशात एक पोरगा आपल्या मर्जीने, पोट धरधरून हसतो आहे आणि त्या हसण्यापुढे ड्रॅगन गोंधळून गेला आहे. हे हसणे काइदोच्या स्माइल फळांना दिलेले उत्तर आहे, आणि वानोचा कथाभाग स्माइलपासून सुरू करून येथे आणण्यात ओदांची कारागिरी पूर्ण ताकदीने दिसते.

येथेच ‘अंडरडॉग कोण’ या प्रश्नाचे माझे उत्तर सापडते. १०४९ व्या प्रकरणात काइदो स्वतः आगीचा ड्रॅगन होऊन कोसळत येतो आणि विचारतो की, तू कसले जग घडवणार आहेस. लुफी जे सांगतो त्यात देव, नियती, आठशे वर्षांचा इतिहास यांतले काहीच नाही. आपल्या मित्रांना पोटभर खायला मिळावे, एवढेच तो म्हणतो. ओनिगाशिमाएवढी वाढलेली मूठ खाली येते ती तामाच्या भाताच्या वाटीसाठी. या लढतीत दुबळी बाजू होती ती वानोची, वीस वर्षे उपाशी ठेवलेल्या माणसांची. लुफीच्या पोटात देव निघाल्याने त्या माणसांचे दुबळेपण कमी होत नाही, आणि त्यांचा लढाही नाही. खालच्या मजल्यांवर तामाचे किबी-दांगो, म्हणजे खाणाऱ्याला तिच्या बाजूला वळवणारे तिच्या शक्तीचे लाडू, खाऊन बाजू बदलणारे काइदोचे सैनिक, घायाळ होऊनही उठणारे सामुराई, आणि काइदोने आकाशात उचललेले बेट राजधानीवर कोसळू नये म्हणून ते ढगांनी ओढून धरणारा, उंचीला घाबरणारा मोमोनोसुके यांची लढत १०४४ च्या खुलाशाने तसूभरही सोपी झालेली नाही. चाहत्यांच्या वादात मोमोनोसुकेचे नाव क्वचितच निघते. आठ वर्षांचा हा मुलगा दुसऱ्याच्या सैतानी फळाच्या शक्तीने अठ्ठावीस वर्षांचे शरीर घेतो, पौराणिक ड्रॅगनचे रूप त्याच्याकडेही आहे, आणि तरी त्याच्याइतका घाबरलेला योद्धा त्या बेटावर दुसरा नाही. पौराणिक शक्ती मिळाली की माणूस अंडरडॉग राहत नाही, या गृहीतकाला सर्वांत चांगले प्रत्युत्तर लुफीपेक्षा हा मुलगा देतो.

निकालानंतर

मे २०२२ मध्ये काइदो जमिनीत गाडला जाऊन खालच्या लाव्हापर्यंत पोचला, आणि ऑगस्टमध्ये १०५७ व्या प्रकरणाने वानोचा कथाभाग संपला. ऑगस्ट २०२३ मध्ये अॅनिमेच्या १०७१ व्या भागात गिअर फाइव्ह पडद्यावर आले आणि वादाला नवे वाचक मिळाले; रंग, आवाज आणि तो ढोल यांमुळे अनेकांचा विरोध मावळला, पण तो दृश्याचा विजय होता, बांधणीचा नव्हे.

किमतीच्या प्रश्नाकडे मात्र लेखकाने पुढे लक्ष दिलेले दिसते. एगहेड बेटावर नौसेनापती किझारूशी लढताना गिअर फाइव्ह ओसरते तेव्हा लुफी वाळलेल्या सालीसारखा पडून राहतो, उठू शकत नाही, आणि पोटात अन्न गेल्याशिवाय त्याला बळ येत नाही. वानोमध्ये चार चौकटींत उरकलेली गोष्ट येथे अनेक प्रकरणे ताणून धरली आहे, आणि त्या काळात त्याच्या सोबत्यांना त्याच्याविना निभवावे लागते. १०४५ ची उणीव यामुळे भरून निघत नाही. त्या प्रकरणावर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे ओदांनी आपल्या पद्धतीने मान्य केले असावे, असे मला एगहेडची ती पाने वाचताना वाटले.